जे.जे.चा स्टुडिओ आणि आपल्या शाळेचं फाटक

माजी विद्यार्थी एकत्र आले की काय उभं राहू शकतं, याचं एक जुनं उदाहरण मुंबईत आहे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये वास्तुकला शिकून बाहेर पडलेल्यांनी १९१७ साली आपली एक संघटना काढली. पहिले अध्यक्ष जॉर्ज विटेट, म्हणजे गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा करणारे. १९२९ पर्यंत त्याच संघटनेची 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' झाली आणि आज ती साऱ्या देशाची आहे. आपला हिशेब अजून मंडप, जेवण आणि स्मरणिकेपुरताच आहे, पण असो.

संगणकवाली बाई वास्तुकलेवर कशाला लिहिते, असं वाटेल. आमच्या धंद्यात 'डिझाइन पॅटर्न' हा शब्द दिवसातून दहादा तोंडी येतो आणि तो आमच्याकडे आला ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाच्या विचारांतून. त्याने १९६४ च्या पुस्तकात उदाहरणाला घेतलं होतं गुजरातमधलं एक खेडं. घरं काढायच्या आधी पाणी, गुरं, शेती अशा गावाच्या १४१ गरजा त्याने लिहून काढल्या. गावाची जागा काढायची तर गावाला आधी विचारावं लागतं, हे मला तिथे पहिल्यांदा नीट कळलं. मग मी मागे मागे वाचत जे.जे.पर्यंत पोचले.

तिथले मास्तर म्हणजे क्लॉड बॅटली. १९१३ मध्ये भारतात आले आणि १९२३ ते १९४३ अशी वीस वर्षं वास्तुकला विभागाचे प्रमुख होते. मुंबई सेंट्रल स्टेशन त्यांच्याच फर्मचं. (आपली अंबा एक्सप्रेस तिकडे जात नाही, म्हणून बघायचं राहून जातं.) माणूस इंग्रज, ग्रीक-रोमन खांब गिरवायला लावून त्याचं भागलं असतं. त्याने मुलांच्या हाती टेप दिली आणि इथल्या जुन्या इमारती मोजायला पाठवलं. त्या मोजमापांच्या आरेखनांचं पुस्तक १९३४ मध्ये निघालं.

मोजण्याने होतं काय? ओटा 'बसायला बरा आहे' हे कोणीही सांगेल. टेप लावली की कळतं तो दीड फूट उंच आहे, म्हणजे म्हातारीला गुडघे न धरता टेकता येतं. वरचा छज्जा किती पुढे आलाय ते मोजलं की कळतं चैत्रातल्या दुपारी तिथे सावली का टिकते. मग तो मुलगा पुढे बाजार काढो की धर्मशाळा, त्याच्या पेन्सिलीत ती म्हातारी आणि ते ऊन येतं. आम्हीही इंजिनीअरिंगला मिनी ड्राफ्टर काखेत मारून हिंडलो, पण आमच्या कागदावर नट-बोल्ट होते, माणूस कधी आला नाही.

याच शाळेतून १९३६ मध्ये पेरिन मिस्त्री बाहेर पडल्या, वास्तुकलेची पदविका मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. १९४२ मध्ये आचऱ्याचे अच्युत कानविंदे. ते पुढे हार्वर्डला ग्रोपियसकडे शिकले आणि परतल्यावर कानपूरची आयआयटी त्यांनी काढली. वर्गांइतकाच विचार त्यांनी वर्गांमधल्या सावलीतल्या जोडरस्त्यांचा केला. १९६३ मध्ये त्याच कानपूरला आयबीएम १६२० हा संगणक आला आणि तिथे संगणकाचं शिक्षण सुरू झालं. माझ्या पोटापाण्याचं मूळ असं कानविंद्यांच्या अंगणात निघालं, याचा मला उगाच आनंद आहे.

आज वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या अभ्यासात स्टुडिओ कधी सुटत नाही. वाचनालय, मंडई, एसटी स्टँड असा विषय मिळतो. मुलं जागेवर जातात, कोण कुठून येतं, कुठे थांबतं ते टिपतात, नकाशे काढतात आणि शेवटी ज्युरीसमोर उभं राहून बोलणी खातात.

आपण मात्र वेशींच्या गावचे. अमरावतीचा परकोट १८०७ च्या सुमाराचा, निजामाच्या अमलात पेंढाऱ्यांपासून पेठ वाचवायला बांधलेला. पाच दरवाजे, चार खिडक्या. अकोलेकरांचा असदगड त्याहून जुना, औरंगजेबाच्या काळातला. लहानपणी या दरवाजांखालून हजारदा गेलो. सावलीला कोण उभं राहतं, हातगाडी नेमकी कुठे लागते, हे कधी मोजलं नाही.

आता बॅचच्या निधीतून शाळेच्या फाटकाशी स्वागत कमान बांधायची, वर बॅचचं नाव कोरायचं, असं ग्रुपवर जवळजवळ ठरलं आहे. माझा कमानीला विरोध आहे आणि तो मी इथे छापून देते. त्या फाटकाशी शाळा सुटताना ऑटो, सायकली, नातवंडांना न्यायला आलेले आजी-आजोबा आणि बोरं-चिंचांची गाडी एकाच वेळी असतात. एप्रिलमध्ये तिथे हातभर सावली नाही. कमानीची सावली पडून पडून किती पडणार? त्याच पैशात भिंतीला लागून ओटा, त्यावर छत आणि पाण्याचे दोन नळ होतात का, ते तरी आधी बघू या.

आपल्यापैकी दोघींची मुलं सध्या वास्तुकला शिकताहेत. मेळाव्याच्या आदल्या दिवशी ती फाटकाशी येणार आहेत. सकाळी शाळा भरताना, दुपारी बाराला आणि शाळा सुटताना, असं तीनदा मोजायचं. चित्रकलेच्या सरांनी कागद लावायला फलक द्यायचं कबूल केलंय. टेप मी आणते, टोक धरायला चार जण लागतील.