परक्या पेटीत आपले गाणे

मोटारगाडी विकत घेणारा मनुष्य रंग आपल्या पसंतीचा निवडतो, आसनांवर आवडीचे अभ्रे चढवितो, पुढे लिंबू-मिरची टांगतो आणि काचेजवळ कुलदैवताची लहानशी मूर्ती बसवितो. एवढे झाले, की गाडी आपली झाली असे तो समजतो. परंतु त्या गाडीत एक जागा अशी असते, की तेथे मालकाचे फारसे काही चालत नाही. ती जागा म्हणजे समोरच्या फळीत कारखान्यानेच बसवून दिलेली गाण्याची पेटी. तिला कोणती बटणे असावीत आणि कोणत्या भोकातून काय आत जावे, हे दूर कोठेतरी बसलेल्या मंडळींनी आधीच ठरविलेले असते. आपल्या खिशातले गाणे त्या पेटीतून वाजवावयाचे म्हटले, की गाडीचा धनीही उंबऱ्याबाहेर उभा राहिलेला पाहुणा ठरतो.

हा उंबरा ओलांडण्यासाठी माणसांनी गेल्या नव्वद-पंचाण्णव वर्षांत ज्या युक्त्या लढविल्या, त्यांचा एक छोटासा इतिहास आहे. राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतका तो भारदस्त नाही. परंतु दिवाळीत चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचण्याजोगा खास आहे. आणि मी राहतो त्या माजलगावचा या इतिहासाशी काय संबंध, असे वाचक विचारतील, तर तो संबंध बराच जवळचा आहे. तो पुढे येईलच.

गाडीत गाणे आणण्यातली पहिली अडचण विजेची होती. जुन्या रेडिओतील काचेच्या व्हॉल्व्हना शे-दोनशे व्होल्टचा दाब लागे, आणि त्या काळच्या मोटारीची बॅटरी असे सहा व्होल्टची. त्यात इंजिनातल्या ठिणग्यांची खरखर गाण्यात मिसळे, ती वेगळीच. १९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने या अडचणींतून वाट काढून मोटारीचा रेडिओ बाजारात आणला. 'मोटार' या शब्दाला, त्या काळच्या वाद्ययंत्रांच्या नावांत असे तसे 'ओला' हे शेपूट जोडून त्यांनी त्याला 'मोटोरोला' म्हटले. हा रेडिओ मोटारीच्या कारखान्याने दिलेला नव्हता. मालकाने तो वरून बसवून घ्यावयाचा, त्यासाठी गाडीला भोके पाडावयाची, तळाच्या फळ्यांखाली बॅटऱ्यांची वेगळी पेटी ठेवावयाची, असा सारा खटाटोप होता. म्हणजे पहिले पाऊल टाकले ते गिऱ्हाईकाने. कारखान्यांनी ही पेटी आपल्या फळीत ओढून घेतली, ती मागाहून.

तेव्हा आमचे माजलगाव निजामाच्या राज्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य भारतात आले. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. या सगळ्या काळात गाडीतला रेडिओ ही आमच्याकडे पाहण्याची वस्तू होती, ऐकण्याची नव्हे. गाड्याच मुळी मोजक्या. आणि रेडिओ म्हटला की सरकारी परवाना आला, त्याची दरसालची फी आली. सर्वसामान्य माणसाला चालती-फिरती गाणी मिळाली ती ट्रान्झिस्टरमुळे. लंकेच्या रेडिओवर 'बिनाका गीतमाला' १९५२ पासून लागत असे, आमची विविध भारती १९५७ च्या ३ ऑक्टोबरला सुरू झाली आणि परभणीचे आकाशवाणी केंद्र १९६८ साली आले. जीपमधून लग्नाला निघालेली मंडळी मांडीवर ट्रान्झिस्टर घेऊन बसत. परंतु गाडीचा पत्रा रेडिओच्या लहरी अडवितो. म्हणून खिडकीशी बसलेल्याने तो बाहेरच्या अंगाला धरावयाचा. खिशातले यंत्र आणि मोटार यांची सांगड घालण्याचा आमच्याकडचा हा पहिला प्रयोग. त्यात तार नव्हती, होता तो फक्त एका माणसाचा अवघडलेला हात!

रेडिओवर दुसऱ्याने लावलेले गाणे ऐकावयाचे. आपल्या मनातले गाणे गाडीत कसे आणावे? १९५६ च्या मॉडेलांपासून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने याला एक राजेशाही उत्तर दिले. तिने गाडीत चक्क तबकडी वाजविण्याचे यंत्र बसविले. 'हायवे हाय-फाय' हे त्याचे नाव. तबकडी मिनिटाला सोळा-सतरा फेरे घेई. परंतु घरातली कोणतीही तबकडी त्यात चालत नसे. त्याच्यासाठी कोलंबिया कंपनीने मुद्दाम काढलेल्या तबकड्याच हव्यात. निवड थोडी, सुई उडण्याची तक्रार मोठी. चारपाच वर्षांच्या आतच ते यंत्र अस्तंगत झाले. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण पुढे निराळ्या वेषात ती पुन्हा भेटणार आहे.

याच्या अगदी उलट नशीब कॅसेटचे. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ती मांडली, आणि थोड्याच काळात तिचा नमुना इतर कारखान्यांना विनामोबदला वापरू दिला. परिणाम असा, की जपानातली कॅसेट बीडच्या यंत्रात आणि बीडची कॅसेट जर्मन गाडीत बिनतक्रार बसू लागली. १९८० नंतरच्या दशकात स्वस्त कॅसेटींचा पूर आला. आमच्याकडच्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांत प्रल्हाद शिंदे यांची गाणी आणि बाबामहाराज सातारकर यांचा हरिपाठ एकाच खणात सुखाने नांदू लागले. फीत अडकली की पेन्सिल घालून फिरवावी, आवाज बसला की वाजविणारे डोके स्पिरिटच्या कापसाने पुसावे, एवढे शास्त्र प्रत्येक ड्रायव्हरला अवगत होते. पेटी कंपनीची होती खरी. पण तिचे दार सर्वांना उघडे होते.

मग १९७९ साली सोनीचा वॉकमन आला, १९८२ साली सीडी आली, २००१ साली ॲपलचा आयपॉड आला, आणि त्यामागोमाग मेमरी कार्डाचा मोबाइल. हजार गाणी खिशात आली, पण गाडीतली पेटी होती तशीच, फक्त कॅसेट ओळखणारी. येथून खऱ्या शकला सुरू होतात.

पहिली शक्कल म्हणजे सोंगाची कॅसेट. दिसावयास हुबेहूब कॅसेट, परंतु आत फीत नाही. फितीच्या जागी एक इवलेसे चुंबकी डोके, आणि त्यातून निघालेली तार खिशातल्या यंत्राला. कॅसेट आत ढकलली, की हे डोके पेटीच्या डोक्याला टेकते. गाण्याच्या तालावर त्याचे चुंबकत्व कमीजास्त होते, आणि पेटी बिचारी समजते, की समोरून फीतच सरकते आहे.

दुसरी शक्कल त्याहून गमतीची. सिगारेट पेटविण्याच्या भोकात बसणारे बोटभर प्रक्षेपण केंद्र! ते गाडीतच एफएमच्या एखाद्या मोकळ्या जागेवर गाणे प्रक्षेपित करते आणि पेटी ते रेडिओ म्हणून ऐकते. या बाबतीत मात्र खेड्याने शहरावर मात केली. मुंबई-पुण्याला एफएमची पट्टी केंद्रांनी इतकी गच्च भरलेली, की मोकळी जागा शोधता शोधता सिग्नल सुटावा आणि मागच्यांनी भोंगे वाजवावेत. माजलगावच्या आकाशात पट्टी जवळजवळ रिकामी. सुई कोठेही लावा, आपलेच गाणे लागे!

तिसरी शक्कल जाणकारांची. पुष्कळ पेट्यांच्या पाठीमागे, डिकीत ठेवावयाच्या सीडीच्या पेटाऱ्यासाठी एक बहुकाट्यांचे भोक असे. त्यात नुसते गाणे सोडून भागत नाही. 'मी तुझाच पेटारा आहे' अशी ग्वाही पेटीला तिच्याच सांकेतिक भाषेत द्यावी लागते, आणि ही भाषा प्रत्येक कंपनीची निराळी. म्हणून दोन्हीकडची भाषा जाणणारा एक दुभाषा मध्ये बसवीत. चौथी वाट सर्वांत साधी. साडेतीन मिलिमीटरचे गोल भोक, ज्याला आपण 'ऑक्स' म्हणतो. टेलिफोनच्या जुन्या अदलाबदल केंद्रांत ज्या जाड पितळी खुंट्या असत, त्यांचेच हे नातवंड. त्याला ना भाषा, ना परवाना. तार खुपसली की गाणे सुरू.

या चारही विद्या आमच्या गावात मोंढ्याच्या बाजूला बसणाऱ्या एका वायरिंगच्या मिस्तरीला येतात. मी एकदा त्याला विचारले, "अरे, कंपनीनं दारच ठेवलेलं नाही, तिथं तू गाणं कसं घुसवतोस?" तो हातातली पट्टी दाताने तोडीत म्हणाला, "गुरुजी, दार नसलं म्हणून काय झालं? कंपनीला बी आत हवा लागतीच की! कुठंतरी फट असतीच."

पिवळी तार बॅटरीची कायमची, लाल तार किल्लीबरोबर चालूबंद होणारी, काळी जमिनीची, हे बहुतेक पेट्यांचे सूत्र तो पोरांना प्रथम पाठ करावयास लावतो. दोन्हींचा घोटाळा झाला, तर रात्रभर पेटी जागी राहते आणि सकाळी गाडी धक्क्याला लागते. गाण्यामागे एक बारीक शीळ येते आणि इंजिनाचा वेग वाढला की तीही चढते, असे पुष्कळांनी ऐकले असेल. तो दोष गाण्याचा नव्हे. यंत्र आणि पेटी यांना दोन वेगळ्या ठिकाणी जमीन मिळाली, की विजेच्या जनित्राची कुरकुर मधल्या तारेतून आत येते. दोघांची जमीन एक करावी, की भांडण मिटते. भाऊबंदकीत बहुधा उलटा अनुभव येतो, हा भाग निराळा!

याच काळात आकाशातून गाणे देणारी मंडळीही अवतरली. पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला, तर तो आपल्याला एका जागी स्थिर भासेल आणि त्यावरून सगळीकडे प्रक्षेपण करता येईल, हे आर्थर क्लार्क यांनी १९४५ सालीच लिहून ठेवले होते. २००० सालच्या मार्चमध्ये वर्ल्डस्पेस कंपनीचा 'एशियास्टार' उपग्रह उडाला. माजलगावहून पाहिले, तर तो आग्नेयेला, क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर. अभिजात संगीताची 'गंधर्व' ही त्याची वाहिनी काय सुरेख होती! चोवीस तास, ना खरखर, ना जाहिराती. परंतु त्याची चपटी तबकडी उपग्रहाकडे रोखून ठेवावी लागे, आणि धावत्या गाडीला प्रत्येक वळणावर आग्नेय कशी सापडावी? अमेरिकेत २००१ व २००२ साली मोटारींसाठीच उपग्रह रेडिओ निघाला, तेव्हा शहरांतल्या उंच इमारतींच्या सावलीत जमिनीवरचे मदतनीस मनोरे उभारावे लागले. आमच्याकडे तशी सोय नव्हती. म्हणून आकाशवेडे रसिक घरीच ती गाणी टिपून ठेवीत आणि सोंगाच्या कॅसेटीतून प्रवासात ऐकत. पुढे मूळ कंपनीचे दिवाळे वाजले, आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील प्रक्षेपण थांबले. वर्गणी भरून घेतलेली ती देखणी यंत्रे एका रात्रीत मुकी झाली. हायवे हाय-फायची गोष्ट आठवली ना? ज्या पेटीत फक्त तिच्याच धन्याचे गाणे वाजते, ती धन्याबरोबर सती जाते. कॅसेटीचा जनक कधीच दुसऱ्या उद्योगांना लागला, तरी जुनी कॅसेट आजही वाजते.

आता माजलगावचा संबंध. दिवाळी उरकली, की सिंदफणेकाठच्या या मुलुखातून ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडे हलतात. मुकादमाची उचल घेतलेली, एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी कर्नाटकात. पाच-सहा महिने घर म्हणजे पाचटाची कोपी आणि गाव म्हणजे ट्रॅक्टरवरची गाणी. मोबाइलच्या दुकानात थोडे पैसे देऊन कार्ड भरून आणावयाचे आणि ट्रॅक्टरला जोडावयाचे. अशाच एका निघालेल्या ट्रॅक्टरवर दोन सिनेमाच्या गाण्यांच्या मध्ये मी एका म्हातारीचा आवाज ऐकला. मागे राहिलेली आजी, नातवंडांसाठी मोबाइलमध्ये जात्यावरची ओवी म्हणत होती. जगातले कोणतेही केंद्र, जमिनीवरचे वा आकाशातले, ती ओवी कधी लावणार नव्हते. ती त्या पेटीत शिरली ती मिस्तरीने जोडलेल्या एका साध्या तारेमुळे.

त्याच तारेचा दुसरा गुणही सांगितला पाहिजे. दोन ट्रॉल्या ऊस भरून रात्री चाललेल्या ट्रॅक्टरवर कर्णे एवढे मोठे लागतात, की मागच्या गाडीचा हॉर्न चालकाला ऐकू जात नाही, आणि मग जे घडते ते वर्तमानपत्रांत आपण वाचतोच. गाणे आपले असावे, पण रस्ता सर्वांचा आहे, एवढे भान त्या गोल बटणावरच्या बोटाला असले पाहिजे.

अलीकडच्या कित्येक गाड्यांत कॅसेटीचे तोंड नाही, सीडीचे नाही, ऑक्सचे भोकही नाहीसे होऊ लागले आहे. समोर एक सुंदर काच आहे. बिनतारी जोडणीने ती मोबाइलशी बोलते. त्या जोडणीचे 'ब्लूटूथ' हे नाव दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या एका राजावरून आले. सोय मोठी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. परंतु काचेवर काय दिसावे, कोणत्या गाण्याला वर्गणी पडावी आणि कोणती सोय पुढच्या साली काढून घ्यावी, हे पुन्हा दूर बसलेली मंडळीच ठरवितात. म्हणून या पाडव्याला नवी गाडी घरी आणणाऱ्या वाचकांना माझी एक सूचना आहे. रंग पाहा, चाके पाहा, दुकानदाराचे पेढेही खा. पण बाहेरची तार जोडावयास यात जागा कोठे आहे, हेही त्याला विचारा. आपल्या आजीचा आवाज कोणत्याही कंपनीच्या यादीत नसतो. तो आपला आपणच जोडून घ्यावा लागतो.