सांध्यात न उरणारा खार

माझ्या आजोळी लोहाराच्या भात्यापाशी पत्र्याची एक डबी असे. ही १९८० च्या आसपासची गोष्ट. फाळ शेवटायचा असला, पहारीचे टोक काढायचे असले, तर त्या डबीला हात लागत नसे. कुऱ्हाडीला पोलाद घालायचे असले की मात्र ती उघडे. तापून लाल झालेल्या लोखंडावर चिमूटभर पांढरी भुकटी पडे, तिची लाही फुले आणि ती लाही वितळून काचेसारखी पसरे. पुन्हा भट्टी, पुन्हा भाता आणि मग घणाचा पहिला घाव. त्या घावासरशी तापलेला रस सांध्यातून चहूकडे उडे. आम्हा मुलांना लांब उभे करीत ते त्यासाठीच. हे काय, असे विचारले तर उत्तर एका शब्दात मिळे : ‘सवागी.’

सवागी म्हणजेच टाकणखार. पुढे हत्यारे आणि कारागिरी यांची टिपणे करू लागलो, तेव्हा एका छोट्या लेखात मी लिहून टाकले, की त्या डबीतला खार तिबेटातून आलेला होता. ते विधान चुकीचे होते. ते दुरुस्त करता करता जे हाती लागले, ते इथे मांडतो.

आधी या खाराचे काम पाहू. तापलेल्या लोखंडावर हवेमुळे काळी खपली धरते. दोन तुकड्यांमध्ये ती राहिली, तर घण कितीही घाला, सांधा बसत नाही. जुने घडीव लोखंड पांढरेशुभ्र तापवता येत असे. त्यावर बारीक वाळू टाकली की वाळू आणि खपली मिळून पातळ मळी होई आणि घावाबरोबर बाहेर पडे. गावातले बरेचसे काम या वाळूवर निभावे. पोलादाचे तसे नाही. त्यातल्या कार्बनमुळे ते इतकी आच सोसत नाही. ठिणग्या सोडून जळते, धारेच्या कामाचे उरत नाही. त्यासाठी कमी आचेवर वितळणारे काहीतरी हवे. टाकणखारातले पाणी निघून गेले, की तो ७४० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, खपली आपल्यात विरघळवतो आणि तापलेल्या धातूवर पसरून हवेला अटकाव करतो. मऊ लोखंडाची कुऱ्हाड आणि तिच्या तोंडाशी पोलादाची पातळ धार, ही काटकसर साधण्यात या चिमटीचा मोठा हात होता.

मात्र काम झाले की हा खार सांध्यात थांबत नाही. नीट बसलेल्या सांध्यातून तो जवळजवळ सगळा बाहेर फेकला जातो. पुढे कोणी ते पाते कापून तपासले, तर अडकलेल्या मळीतून वाळूचा माग लागू शकतो. पण टाकणखारातले बोरॉन इतके हलके मूलद्रव्य आहे, की नेहमीच्या क्ष-किरण तपासणीत ते सहज सापडत नाही. त्यामुळे या खाराचा इतिहास वस्तूंपेक्षा शब्दांत आणि व्यापाराच्या नोंदींत शोधावा लागतो.

शब्दांनी पुष्कळ जपून ठेवले आहे. संस्कृतातले नाव टंकण. ‘टंक्’ धातूचा अर्थ बांधणे. कापडाला आणि दागिन्याला घालतात तो टाकाही त्याच गोतातला. रसशास्त्राच्या ग्रंथांत यवक्षार आणि सर्जिकाक्षार यांच्या जोडीला टंकण येते आणि तिघांना मिळून क्षारत्रय म्हणतात. त्याचे दुसरे नाव सौभाग्य. हिंदीतला सुहागा आणि आपली सवागी ही दोन्ही त्याच घरची दिसतात. टंकण हेच नाव फारसी-अरबीत तिनकार झाले आणि पुढे युरोपात टिंकल म्हणून पोहोचले.

नाव पोहोचले, तरी मूळ ठिकाण युरोपला बराच काळ नीट ठाऊक नव्हते. चरबीने माखलेले खडे येत आणि ते शुद्ध करण्याचा धंदा आधी व्हेनिसकडे, नंतर डच लोकांकडे होता. १७८७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लखनौहून विल्यम ब्लेन याने पाठवलेली टाकणखाराविषयीची माहिती छापली गेली. १७८३ च्या सुमारास सॅम्युएल टर्नरबरोबर तिबेटात गेलेला शल्यवैद्य रॉबर्ट सॉन्डर्स याचा लेख १७८९ मध्ये आला. ताशिल्हुन्पोच्या उत्तरेला पंधरा दिवसांच्या वाटेवर असलेल्या सरोवरातून लोक हा खार खणून काढतात, असे त्याने लिहिले. लडाखमध्ये सुमारे ४,४०० मीटर उंचीवर पुगा खोऱ्यात गरम झऱ्यांच्या भोवतीही तो मिळे.

तिथून तो खाली येई मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर. पाठीच्या दोन्ही अंगांना लोकरीच्या लहान थैल्या, एका जनावरावर दहाएक किलो ओझे. खिंडी ओलांडून मीठ, लोकर आणि टाकणखार येई. परतीच्या थैल्यांत धान्य जाई. गढवाल-कुमाऊंच्या भोटिया व्यापाऱ्यांचे घर या देवघेवीवर चाले.

या व्यापाराला पहिला धक्का इटलीतून बसला. १७७७ मध्ये टस्कनीच्या गरम कुंडांत बोरिक आम्ल सापडले आणि १८१८ पासून ते कारखान्यात काढले जाऊ लागले. १८५६ मध्ये कॅलिफोर्नियात टाकणखार आढळला. तिथल्या डेथ व्हॅलीतून १८८३ ते १८८९ या काळात वीस जनावरे जुंपलेल्या गाड्या तो वाहून नेत. अशा एका खेपेला सुमारे १८ टन माल जाई, म्हणजे हिमालयातल्या अठराशे मेंढ्यांचे ओझे. त्या भावाशी मेंढ्या किती दिवस टक्कर देणार? उरलीसुरली वाट १९६२ च्या युद्धाने बंद झाली.

इथेच माझे विधान कोसळले. १९८० मधल्या डबीत तिबेटचा खार असणे जवळजवळ अशक्य होते. भारत बोरॉनची खनिजे बाहेरून आणतो. त्या डबीतला खारही अशाच एखाद्या परदेशी खाणीतला असणार. लोहाराच्या दृष्टीने त्यात काही फरक पडला नसेल, कारण सांधा तसाच बसत होता. खार बदलला, वाट बदलली, वाहणारी माणसे बदलली. जुन्या व्यापाराचे एवढेच उरले, की लोहार त्याला अजून सवागी म्हणत होता.

आता आजोळी तो भाता नाही. नाक्यावर विजेवर चालणारे वेल्डिंगचे दुकान आहे. तिथल्या कांडीवर राखाडी लेप असतो. तो वितळून सांध्याला हवेपासून वाचवतो आणि काम झाल्यावर त्याची कपची हातोडीने झाडून टाकतात. सवागीचेच काम, पण त्या लेपाला निराळे नाव मी दुकानात ऐकले नाही. संग्रहालयातल्या तलवारीखाली राजाचे नाव असते, क्वचित घडवणाऱ्याचेही. धार जिच्यामुळे बसली त्या चिमटीची आणि ती पाठीवर आणणाऱ्या मेंढीची नोंद तिथे नसते. ती करायची असेल, तर ज्यांच्या तोंडी हे शब्द अजून आहेत, त्यांच्याकडून ते आत्ताच लिहून घ्यायला हवेत. मी त्या लोहाराला विचारायला गेलो, तोवर उशीर झाला होता.