नीस, दार आणि कर : आडनावांच्या दप्तरातून

इ. स. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांच्या पदांना संस्कृत नावे मिळाली. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. दप्तरातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोशही तयार झाला. एवढे होऊनही आज आपल्याच सभासदांच्या यादीवरून नजर फिरवावी. फडणीस, चिटणीस, पोतनीस, मुजुमदार, पोतदार, डबीर सहज भेटतात, अमात्य आणि सचिव शोधावे लागतात. पेशव्यांच्या शिक्क्यात ‘मुख्य प्रधान’ अशी अक्षरे कोरलेली असत, पण लोकांच्या तोंडी ते पेशवेच राहिले. राजाज्ञा दप्तरापर्यंत पोचते. ओसरीवर बसलेल्या माणसाच्या जिभेपर्यंत पोचायला तिला फार वेळ लागतो.

फारसीत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. मराठीच्या तोंडात त्यातला ‘व’ गळला आणि ‘नीस’ उरला. ‘फडणवीस’ असे लिहिणाऱ्या घराण्यांनी तो जपला एवढेच. चिटणीस पत्रे लिही, पोतनीस खजिन्याचा हिशेब ठेवी, पागनीस पागेचा. पारसनिसाकडे फारसी पत्रव्यवहार असे आणि वाकनिसाकडे घडामोडींची नोंद. ‘फडणीस’ म्हटले की आपल्या कानाला ‘फड’ ऐकू येतो. मुळात मात्र तो ‘फर्द’ आहे, म्हणजे यादीचा किंवा हिशेबाचा कागद.

आता या नावांवरून घराण्याचे मूळ सांगता येते का? नाना फडणीस हे बाळाजी जनार्दन भानू, वेळासचे. पेशवे हे श्रीवर्धनचे भट. फडणिशी आणि पेशवाई ही नंतर हाती आलेली कामे. म्हणजे असे आडनाव घराणे कोठून निघाले ते सांगत नाही, कोणत्या कामावर बसले ते सांगते. घरोघरी वंशावळी लिहिण्याचा उत्साह अलीकडे वाढला आहे. त्यात आडनावाचा अर्थ लावून थेट मूळपुरुषापर्यंत उडी मारली जाते, ती मला धोक्याची वाटते.

हे शब्द एकट्या मराठीचेही नाहीत. आपला मुजुमदार गुजरातेत मजमुदार आहे आणि बंगालात मजुमदार. तिघेही जमाखर्चाच्या संग्रहावरचे अधिकारी, आणि त्यांचे परस्परांशी रक्ताचे नाते असण्याचे काही कारण नाही. आपला पोतदार पूर्वेकडे पोद्दार होतो. ‘देशमुख’ तर आपण अस्सल मराठी समजतो. पण निजामाच्या राज्यात, तेलंगणात, रेड्डी आणि वेलमा घराण्यांकडे देशमुखी होती. १९४६ नंतरच्या शेतकरी लढ्यात ज्यांचे नाव गाजले ते विसनूरचे देशमुख तेलुगू होते. हैदराबादच्या मंडळींना यात नवल वाटणार नाही, इंदूरच्यांना कदाचित वाटेल.

यासाठीच सीमाभागाविषयी बोलताना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अमुक गावात पाटील, कुलकर्णी, देसाई, देशपांडे आहेत, सबब ते गाव मराठी, हा युक्तिवाद टिकणारा नाही. ही वतनांची नावे आहेत आणि कानडी बोलणाऱ्या घरांतही पिढ्यान्‌पिढ्या आहेत. उलट ‘नाडगौडा’ हे कानडी घडणीचे नाव लावून घरात मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. आपली बाजू मांडायला शाळा आहेत, दस्त आहेत, घरात बोलली जाणारी भाषा आहे. आडनाव हा पुरावा दोन्ही पक्षांनी बाजूला ठेवावा. मुंबई राज्याने १९५० च्या कायद्याने परगणे व कुलकर्णी वतने रद्द केली तेव्हा बेळगाव त्याच राज्यात होते. वतन गेले, दप्तर सरकारजमा झाले. नाव तेवढे उरले, ते दोन्ही भाषांत.

‘कर’ची गोष्ट निराळी. होळकर हे नीरेकाठच्या होळ गावचे. पण होळमध्येच राहणाऱ्या माणसाला होळकर म्हणून कोण हाक मारील? तिथे सगळेच होळचे. ‘कर’ लागतो तो गाव सुटल्यावर, परक्या मुलखात, ‘कुठले तुम्ही?’ या प्रश्नाच्या उत्तरात. त्या अर्थाने हे आडनाव बहुधा प्रवासात मिळालेले असते, आणि आपल्यासारख्या दूर वसलेल्या लोकांचे ते खास आडनाव आहे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांची गंमत याहून पुढची. इंग्रजांच्या कागदात त्यांचे रूप पालटले आणि हिंदी मुलखात ते देवनागरीत ‘सिंधिया’ होऊन परतले. कण्हेरखेडच्या माणसाला ते आपलेच नाव आहे हे समजावून सांगावे लागेल.

गोव्याचा ‘गांवकर’ मात्र या नियमात बसत नाही. तो गाव सोडलेला नव्हे, गाव धरून बसलेला. गांवकर म्हणजे गांवकारीचा, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा, हक्कदार. १५२६ मध्ये पोर्तुगिजांनी या रूढी लेखी नोंदवल्या. पुढे धर्मांतरे झाली, बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे आडनाव घेण्याची चाल पडली, आणि मूळच्या एका कुळाच्या शाखा वेगवेगळ्या पोर्तुगीज आडनावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. तरी ख्रिस्ती झालेल्यांचा गांवकारीतला हक्क तुटला नाही. नाव बदलले आणि जमिनीशी नाते राहिले. कुलकर्ण्यांच्या बाबतीत पुढे घडले त्याच्या नेमके उलटे.

आजवर बोललो ते वतन असलेल्यांविषयी. ज्यांना मानाचे वतन नव्हते त्यांचे काय? जुन्या कागदांत माणूस येतो तो ‘अमका बिन तमका’ किंवा ‘वलद तमका’ असा. ‘बिन’ अरबी, ‘वलद’ही अरबी, दोन्हींचा अर्थ मुलगा. त्यापुढे आडनावाच्या जागी पुष्कळदा जातच लिहिलेली असते. महार, चांभार, मांग. शाळेच्या दाखल्याला ही जागा भरायला काहीतरी हवे असे, आणि तिथे ‘कर’ कामी आला. डॉ. आंबेडकरांचे घराणे सकपाळांचे, गाव कोकणातले आंबडवे. साताऱ्याच्या शाळेच्या पटावर १९०० साली नाव आहे ते भिवा रामजी आंबेडकर. वतनदाराला आडनाव वारशाने येत होते. इथे ते पटावरच्या एका नोंदीने आले आणि त्यात जातीचा उल्लेख नव्हता.

बायकांना तर या दप्तरात आडनावाची जागाच नव्हती. खरेदीखतात, सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यात बाई सापडते ती ‘अमुकबाई कोम तमका’ अशी; कोम म्हणजे बायको. नवरा मेला तरी कोम राहतो, फक्त नवऱ्याच्या नावामागे ‘मयत’ येतो. तिचे माहेर कोणते, ते या कागदात येत नाही. आपल्या घरातील जुनी खते चाळताना फडणिशी-मुजुमदारी शोधून झाली की त्या कोमच्या अलीकडची नावे उतरवून ठेवावीत. ती माहेरे ठाऊक असलेल्या म्हाताऱ्या बायका अजून काही घरांत आहेत.