तलंग अंडी कधी घालणार? परसातल्या कोंबड्यांचं वेळापत्रक समजून घ्या

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर जून-जुलै हे घरच्या कोंबड्यांसाठी धोक्याचे महिने. पावसाळी मासेमारी बंदीमुळे ताजी मासळी कमी झालेली असते. पुढे श्रावण येणार असतो आणि त्याच्या तोंडावर आषाढ अमावास्येची गटारी. मग नजर खुराड्याकडे वळते आणि ‘सहा महिने होत आले, अजून एक अंडं नाही’ अशा कोंबडीचा पहिला नंबर लागतो. पण फेब्रुवारीत जन्मलेली ती गावठी कोंबडी उशीर करत नसते. अनेकदा ती पहिल्या अंड्यापासून काही आठवड्यांच्या अंतरावर असते.

मग वाट किती पाहायची? आणि कोंबडी खरंच अंडी देणार आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

तलंग म्हणजे काय?

अंडी घालायला अजून सुरुवात न केलेली तरुण कोंबडी म्हणजे तलंग. हा शब्द सरकारी कागदपत्रांतही आहे. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत ८ ते १० आठवडे वयाच्या २५ तलंगा आणि ३ नर असा गट ५० टक्के अनुदानावर दिला जातो.

इथेच अनेकांचा हिशेब चुकतो. पक्षी मोठे दिसतात, त्यामुळे महिन्याभरात अंडी मिळतील असं वाटतं. प्रत्यक्षात सुधारित जातीची तलंग असली तरी आणखी किमान तीन ते साडेतीन महिने फक्त खर्चच असतो.

कोणती कोंबडी किती दिवसांनी?

पहिल्या अंड्याचं वय मुख्यतः जातीवर ठरतं:

- व्यावसायिक व्हाइट लेगहॉर्न: १८ ते २० आठवडे. वर्षाला ३०० च्या आसपास अंडी.
- ग्रामप्रिया: सुमारे साडेपाच महिने. परसात वर्षाला साधारण १६० ते १८० अंडी.
- वनराजा: सुमारे सहा महिने. वर्षाला १०० च्या थोडी वर. ही जात मांस आणि अंडी अशा दोन्हींसाठी आहे.
- गावठी: सहा ते आठ महिने. वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी.

ग्रामप्रिया आणि वनराजा या दोन्ही जाती हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी तयार केल्या आहेत.

मोबाइलवर दिसणाऱ्या बहुतेक व्हिडिओंमधला ‘पाच महिन्यांत अंडी’ हा आकडा लेअर फार्मचा असतो. तो गावठी कोंबडीला लावला की चांगली कोंबडीही वांझ वाटू लागते.

उजेडाचा काय संबंध?

कोंबडीचं शरीर दिवसाची लांबी मोजतं. डोळ्यांतून आणि कवटीतूनही प्रकाश मेंदूपर्यंत पोहोचतो आणि त्यावरून अंडी तयार करणारी संप्रेरकं कमी-जास्त होतात. रानकोंबडी दिवस मोठे होताना, पिल्लांना खाद्य मिळेल अशा काळात अंडी घालते. तीच सवय पाळीव कोंबडीत उरली आहे.

लेअर फार्ममध्ये नैसर्गिक उजेड आणि बल्ब मिळून दिवसाला १६ तासांपर्यंत प्रकाश दिला जातो. मालवण साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे जूनमधला सर्वांत मोठा दिवसही १३ तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस ११ तासांच्या थोडा वर.

म्हणून पिल्लं कोणत्या महिन्यात निघाली, हे महत्त्वाचं. जून-जुलैमधली पिल्लं सहा महिन्यांची होतात तेव्हा डिसेंबर-जानेवारी असतो. दिवस लहान असल्याने त्यांचं पहिलं अंडं काही आठवडे पुढे जाऊ शकतं.

संध्याकाळी दोन तास बल्ब लावल्याने फरक पडतो, पण वेळ रोज सारखी ठेवावी लागते. पाच महिन्यांच्या आधी हा उपाय करू नये. शरीर पूर्ण वाढण्याआधी अंडी सुरू झाली तर ती लहान राहतात आणि अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो.

खाण्यात काय चुकतं?

कोकणात कोंबडीला भात, कणी आणि कोंडा सहज मिळतो. त्यातून पोट भरतं, पण प्रथिनं आणि कॅल्शियम पुरेसं मिळत नाही. मोकळी फिरणारी कोंबडी वाळवी, किडे आणि हिरवा पाला खाऊन ही उणीव बरीच भरून काढते. कुंपणात कोंडलेली कोंबडी ते करू शकत नाही. नुसत्या भातावर ती चरबी धरते आणि अंडी लांबतात.

एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. किनाऱ्यावर त्याची सोय घरातच आहे. तिसऱ्यांची आणि कालवांची टरफलं गोड्या पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून जाडसर कुटावीत आणि वेगळ्या भांड्यात ठेवावीत. कोंबडी गरजेपुरतं स्वतःच खाते. खारवलेली सुकी मासळी मात्र देऊ नये, जास्त मीठ तिला घातक असतं.

अंडी लवकर यावीत म्हणून लहान पिल्लांना लेअर खाद्य देणं ही आणखी एक चूक. त्यातलं जादा कॅल्शियम वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना त्रास देतं. पहिलं अंडं दिसेपर्यंत ग्रोअर खाद्यच योग्य.

अंडं जवळ आलं, हे कसं ओळखायचं?

- तुरा आणि चोचीखाली लोंबणारा मांसल भाग मोठा, लालभडक होतो.
- पाठीवर हात ठेवला की तलंग पळण्याऐवजी खाली दबकून बसते.
- ती कोपरे, टोपल्या, लाकडांची रास धुंडाळू लागते आणि तिचं ओरडणं वाढतं.
- शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये दोन ते तीन बोटं मावतात. अंड्यावर न आलेल्या कोंबडीत जेमतेम एक बोट मावतं.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली, तर पहिलं अंडं बहुधा दोन-तीन आठवड्यांत येतं.

की अंडी आधीच सुरू झाली आहेत?

गावठी कोंबडी आडोसा शोधते. माडाच्या चुडतांचा ढीग, पेंढ्याची उडवी, काजूच्या बागेतला पाचोळा अशा जागी ती गुपचूप अंडी घालते. मालकाच्या आधी तिथे मुंगूस, धामण किंवा घोरपड पोहोचते.

शंका असेल तर आठवडाभर कोंबड्यांना सकाळी दहा-अकरापर्यंत खुराड्यातच ठेवावं, कारण बहुतेक अंडी सकाळीच घातली जातात. आत अंधाऱ्या कोपऱ्यात पेंढा घातलेली टोपली आणि त्यात अंड्याच्या आकाराचा गुळगुळीत दगड ठेवला की जागा ठरते. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही. तो फक्त पिल्लं हवी असतील तर लागतो.

पहिली अंडी लहान का?

बलक सुटल्यापासून अंडं बाहेर यायला २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले सुमारे २० तास कवच बनण्यात जातात. नव्या कोंबडीत ही साखळी बसायला वेळ लागतो. त्यामुळे सुरुवातीला लहान, मऊ कवचाचं, दोन बलकांचं किंवा बलकच नसलेलं अंडं येऊ शकतं. हा आजार नाही.

गावठी कोंबडी १०-१५ अंडी घालून खुडूक होते, तेव्हाही अंडी थांबतात. रवणावर बसवली तर २१ दिवसांत पिल्लं निघतात.

काळजी कधी करायची?

आठ महिने उलटले, खाणं चांगलं आहे, लपलेलं घरटंही नाही आणि तुरा अजून फिकट आहे, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. जंत, पावसाळ्यातल्या ओलाव्यामुळे होणारी रक्ती हगवण किंवा लहानपणी होऊन गेलेला आजार हे कारण असू शकतं. मान वाकडी होणं, हिरवट हगवण, एकामागून एक मरतूक दिसली तर वयाची वाट न पाहता त्याच दिवशी कळवावं. राणीखेतचं लसीकरण पिल्लं आठवड्याची असतानाच सुरू होतं.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पिल्लं निघाल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवणं. बहुतेक घरांत वय अंदाजाने सांगितलं जातं आणि त्या अंदाजावरच कोंबडी कापायची की ठेवायची हे ठरतं. गावठी तलंगेच्या बाबतीत हा निर्णय आठ महिन्यांच्या आत घेऊ नये. तोवर तिला खाऊ घातलेलं वसूल होण्याची वेळच आलेली नसते.