बडनेरा, १९७६

कोळशाच्या इंजिनाचा धूर जुन्या वस्तीतल्या कवेलूंवर उतरतो आहे. साल १९७६. तुम्ही ओसरीत बाजेजवळ टेकता. बाजेवर अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी, वजन जेमतेम ४५ किलो. ठोके चुकतात म्हणून तिला डिगॉक्सिनची गोळी, पायांवरची सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी. दोन्ही ती नेमाने घेते.

"जेवन पाहूनच मळमळ सुटते रे बापू," ती सांगते. "अन् समदं पिवळं पिवळं दिसून राह्यलं."

घरचे म्हणतात, वय झालं. तुम्ही नाडी धरता. मिनिटाला ४४.

पिवळं दिसणं, मळमळ, मंदावलेली नाडी: डिगॉक्सिन अंगात साचल्याच्या या खुणा. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडांतून बाहेर पडतं. मूत्रपिंडं थकली की दीड-दोन दिवसांत निम्मं होणारं औषध कितीतरी जास्त रेंगाळतं. त्यात लघवीच्या गोळीनं पोटॅशियम घटलं, की तीच मात्रा हृदयाला अधिक जाचते. 'वय झालं' हे सगळ्यात शेवटी म्हणायचं असतं. आधी गोळ्या बघायच्या, असं माझं ठाम मत आहे.

याच वर्षी कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट हे दोन डॉक्टर मूत्रपिंडांचं काम मोजणारं एक सूत्र छापतात. १४० मधून वय वजा करा, वजनानं गुणा, ७२ गुणिले रक्तातल्या क्रिएटिनिननं भागा. बाई असेल तर ०.८५ नं गुणा. ओसरीच्या जमिनीवर तुम्ही कोळशानं आकडे मांडता. आजीचं क्रिएटिनिन १.२ धरलं, तर उत्तर येतं सत्तावीस. तरुण माणसात ते शंभराच्या आसपास असतं.

मान वर करता तेव्हा आजचा दिवस आहे, अमरावतीतला हृदयरोग अतिदक्षता विभाग. खाटेवर तेवढ्याच वयाची, तेवढ्याच वजनाची आजी. रिपोर्टात क्रिएटिनिन तेच, १.२, बघणाऱ्याला ठीकच वाटावं असं. डॉक्टर ठोक्यांसाठी अमिओडॅरोन सुरू करणार आहेत, आणि त्यानं रक्तातलं डिगॉक्सिन वाढतं. डिगॉक्सिनची मात्रा साधारण निम्मी करावी लागते. पण आजी घरी डिगॉक्सिन घेते, हे इथं कोणाला माहीत?

तुमच्या हातातली पिशवी उघडा. सगळ्या पट्ट्या टेबलावर ओता, गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्याची गोळीसुद्धा. तीही मूत्रपिंडांना त्रास देते. सिस्टर एकेक नाव लिहून घेतात. रक्तातली पातळी तपासायची म्हणून विचारतात, "शेवटची गोळी किती वाजता दिली?" गोळीनंतर सहा तास व्हायच्या आत रक्त घेतलं तर आकडा फसवा, चढा येतो.

तुम्ही सांगता, "रात्री नऊला, जेवणानंतर."