डॉ. इरावतीबाई कर्वे

माणसाचा रंग, नाक, डोके पाहून त्याची अक्कल ठरविण्याची खोड केवळ अडाण्यांची नव्हे. शंभर वर्षांपूर्वी युरोपातील मोठमोठे विद्वान कवट्या मोजून जगातील माणसांची थोर व हलकी अशी वाटणी करीत असत. त्यांच्याच विद्यालयात जाऊन, त्यांचेच माप हाती घेऊन खरे काय ते सांगणारी एक महाराष्ट्रीय स्त्री होऊन गेली. तिची ही अल्पशी ओळख.

इरावतीबाईंचा जन्म 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशात झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे एका कापसाच्या कंपनीत इंजिनियर होते. तेथील इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेत पाठविले. तेथे रँग्लर परांजपे यांच्या घरी ती वाढली. पुढे मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली 1928 साली समाजशास्त्रात एम. ए. झाली. पती दिनकरराव हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव. सुनेने परदेशी जावे हे महर्षींना रुचले नाही. परंतु दिनकरराव पाठीशी उभे राहिले व इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

तेथे त्यांचे गुरू प्राध्यापक ऑयगेन फिशर. गोऱ्यांची बुद्धी श्रेष्ठ, म्हणून त्यांच्या कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंत अधिक फरक असला पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. इरावतीबाईंनी निरनिराळ्या वंशांच्या 149 कवट्या मोजल्या. थोडाबहुत फरक सर्वच कवट्यांत निघाला. वंशाशी त्याचा संबंध दिसेना. पदवी गुरूच्या हाती, देश परका, वय पंचविशीच्या आत. तरी बाईंनी मापात आले तेच प्रबंधात लिहिले. 1930 साली त्या डॉक्टर झाल्या.

पुढे 1933 साली जर्मनीत नाझींचे राज्य आले. फिशर त्या राजवटीचे पाठीराखे झाले. वंशशुद्धीच्या नावाखाली त्या राजवटीत साठ लाख ज्यू मारले गेले. खोटे शास्त्र किती जीव घेते ते यावरून कळावे.

स्वदेशी परतल्यावर बाईंनी प्रथम महर्षींच्या महिला विद्यापीठात रजिस्ट्रारचे काम केले. 1939 पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. माणसांची मापे त्यांनी येथेही घेतली, गावोगाव हिंडून घेतली; पण उच्चनीच ठरविण्यासाठी नव्हे. महाराष्ट्रात कुंभार म्हणविणाऱ्या अनेक जाती आहेत, त्यांच्यात बेटीव्यवहार नाही; धंदा एक म्हणून मूळही एक असे नव्हे, हे त्यांनी दाखविले. नातेसंबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1953 साली निघाला. ‘युगान्त’ला 1968 साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. कोयना धरणामुळे उठविलेल्या लोकांची पाहणीही त्यांनी केली. 11 ऑगस्ट 1970 रोजी त्या निवर्तल्या.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कवटीचे शास्त्र मला कळते असे मी म्हणणार नाही. परंतु पायलीने ज्वारी मोजणाऱ्या बाईला खोटे माप म्हणजे काय ते पक्के ठाऊक असते. आपल्या जुन्या शहरात नाना जातीधर्मांची घरे भिंतीला भिंत लावून आहेत. “त्यांचे डोकेच तसे” हे वाक्य ओठांवर येईल तेव्हा इरावतीबाईंची आठवण करावी, आणि ते आपल्या मुलांच्या कानी पडू देऊ नये, एवढीच विनंती.