‘गो’ आणि ‘वेन्ट’: एका क्रियापदाची कुळकथा

इंग्रजीतील ‘गो’ म्हणजे जाणे आणि त्याचा भूतकाळ ‘वेन्ट’, हे शाळेत पाठ करून घेतले जाते. परंतु या दोन रूपांत एकही ध्वनी समान नाही, कारण ती मुळात एका क्रियापदाची नव्हेतच.

प्राचीन इंग्रजीत ‘जाणे’ या अर्थी ‘गान’ हे क्रियापद होते आणि त्याचा भूतकाळ ‘एओदे’ हाही वेगळ्याच धातूपासून आलेला होता. ‘वेन्ट’ हे ‘वेन्ड’ म्हणजे वळणे, वळवणे या तिसऱ्याच क्रियापदाचे रूप असून, ‘सेन्ड–सेन्ट’, ‘बेन्ड–बेन्ट’ या जोड्यांशेजारी ‘वेन्ड–वेन्ट’ ही जोडी मांडली की त्यातील शेवटच्या ‘ट’चा उगम चटकन ध्यानात येतो. वळणे, वळून एखाद्या दिशेने निघणे आणि मग नुसतेच जाणे, असा हा अर्थ सरकत गेला आणि 1500च्या सुमारास ‘एओदे’ची वंशज रूपे मागे पडून ‘वेन्ट’ ‘गो’च्या पदरी आले, तेव्हा ‘वेन्ड’ला ‘वेन्डेड’ हा नवा भूतकाळ घडवून घ्यावा लागला. स्कॉटलंडच्या बोलीत ‘गेड’ असे नियमित रूप तयार झाले. इंग्रजी बोलू लागलेली लहान मुले ‘गोएड’ म्हणतात, तीही भाषेच्या नियमाला धरूनच.

एका धातूच्या जागी दुसरा धातू येणे याला संस्कृत व्याकरणात ‘आदेश’ म्हणतात, आणि पाणिनीने जाणे या अर्थाच्याच ‘इ’ धातूला लुङ् या भूतकाळात ‘गा’ हा आदेश सांगितला आहे, हे साम्य विलक्षण आहे. मराठीही याला अपवाद नाही: ‘जातो’ हे संस्कृत ‘या’ धातूपासून आले, तर ‘गेला’ हे ‘गम्’च्या ‘गत’ या रूपाला प्राकृतातील ‘इल्ल’ प्रत्यय लागून झाले, म्हणून मराठी शिकणाऱ्या परभाषकालाही ‘जा’ आणि ‘गेला’ ही रूपे वेगवेगळी पाठ करावी लागतात.

‘गो’ आणि ‘गम्’ यांचा आरंभीचा ‘ग’ पाहून ते एकाच कुळातील असावेत असे वाटते, पण हे साम्य फसवे आहे. याकोब ग्रिम याने 1822 साली मांडलेल्या ध्वनिनियमानुसार मूळच्या ‘ग’च्या जागी इंग्रजीच्या शाखेत ‘क’ येतो. ‘युग’ म्हणजे जू, त्याला इंग्रजीत ‘योक’ आणि गाईला ‘काउ’ म्हणतात ते यामुळेच. त्याच नियमाने ‘गम्’चा इंग्रजीतील सख्खा भाऊ ‘कम’, म्हणजे येणे, हा ठरतो. मूळ धातूत पाऊल टाकण्याची क्रिया होती. ती बोलणाऱ्याकडे की त्याच्यापासून दूर, हे प्रत्येक भाषेने आपापले ठरवले. मराठीने तर दोन्ही दिशा राखल्या, कारण ‘आला’ हेही ‘आगत’पासून, म्हणजे ‘आ’ या उपसर्गासह ‘गम्’पासूनच आले आहे.